गावच्या वहीतनं देशाची लोकसंख्या वाढ कशी वाचायची

यंदा जत्रेला गावाकडं गेलो होतो. पाटणच्या बाजूला डोंगराकडंला आमचं गाव. देवळाच्या कट्ट्यावर नेहमीचा वाद पेटलेला. आमचे नाना म्हणत होते लोकसंख्या लय वाढली, कुठंबी जावा गर्दीच गर्दी, यष्टीत पाय ठेवायला जागा नाय. तर समोरनं दुसरे एक म्हणाले, "आवो कशाची वाढलीया, शाळंत पहिलीला चार पोरं हायती, पटापायी शाळा बंद पडायची पाळी आलीया." दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा फेकतोय.

माझी भाची शेजारी बसलेली, कराडला बीए करते. तिला भूगोलाच्या प्रोजेक्टला विषय मिळालेला, विकसनशील देशातील नैसर्गिक लोकसंख्या वाढीचा कल. मला म्हणाली, "मामा हे भांडण म्हणजेच माझं प्रोजेक्ट आहे, पण नेटवरनं उतरवून घेतलं तर डोक्यात काहीच शिरत नाही." मग आम्ही ठरवलं की आधी आपल्याच गावाचा हिशोब काढायचा आणि मग देशाकडं बघायचं. कसं केलं आणि कुठं कुठं आपटलो ते सगळं लिहितोय, कुणाला प्रोजेक्टला किंवा एमपीएससीच्या अभ्यासाला उपयोगी पडलं तर पडलं.

आधी नैसर्गिक वाढ म्हणजे काय ते. गोठा डोळ्यापुढं आणा. वर्षात किती वासरं झाली आणि किती जनावरं मेली, ह्याची वजाबाकी म्हणजे नैसर्गिक वाढ. बाजारातनं आणलेली म्हैस आणि विकून टाकलेला बैल ह्यात धरायचा नाही, ते स्थलांतर. गोठ्यातली जनावरं कमी दिसली म्हणून वासरं होत नाहीत असं कुणी म्हणेल का? पण माणसांच्या बाबतीत आपण बिनधास्त म्हणतो, आणि कट्ट्यावरचं अर्धं भांडण तिथंच असतं.

सूत्र अगदी सोपंय. वर्षातले जन्म भागिले वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या गुणिले १,०००, हा जन्मदर. मृत्यूचं तसंच केलं की मृत्यूदर. पहिल्यातनं दुसरा वजा केला की नैसर्गिक वाढीचा दर, तोही हजारी. समजा गाव २,००० लोकांचं, वर्षात ३२ जन्म आणि १४ मृत्यू. जन्मदर १६, मृत्यूदर ७, वाढ हजारी ९. शेकडा हवी असेल तर दहानं भागायचं, म्हणजे ०.९ टक्के. आमच्या भाचीबाईंनी पहिल्या कागदावर सरळ ९ टक्के लिहिलेलं. मी म्हटलं अगं ९ टक्क्यानं आठ वर्षात गाव दुप्पट होईल, कोंबड्या आहेत का माणसं. हजारी आणि शेकडा ह्यातली गल्लत लय कॉमन आहे, बातम्यांमध्येसुद्धा दिसते, तेव्हा आकड्याच्या पुढं काय लिहिलंय ते आधी बघायचं.

दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते काढायची सोपी युक्ती म्हणजे ७० ला टक्केवारीनं भागायचं. ०.९ टक्के असेल तर ७८ वर्षं. बँकेच्या चक्रवाढ व्याजासारखंच आहे हे.

आता खरी मेहनत, आकडे गोळा करणं.

आम्ही पहिल्यांदा गेलो ग्रामपंचायतीत. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे, त्यात २१ दिवसात नोंद करायची असते, गावात निबंधक म्हणजे आपले ग्रामसेवक. त्याच्याआधीच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात असायच्या, गाव नमुना १४. कुणबी नोंदी शोधायची धांदल उडाली तेव्हापासनं ह्या १४ नंबरचं नाव पोराटोरांना पण पाठ झालंय. तर ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगितलं की नावं नकोत, फक्त दर वर्षाचे आकडे द्या, मुलगे किती मुली किती, मृत्यू किती. हे असंच मागायचं, लोकांची नावं आपल्याला करायचीत काय, आणि नुसते आकडे मागितले की समोरचा पण बिचकत नाही. भाऊसाहेबांनी वहीत बोट फिरवत आकडे सांगितले, भाचीनं लिहून घेतले, आणि बाहेर आल्यावर आम्ही दोघंही गप्प. जन्म इतके कमी की हजारी दोन पण होईना. एवढा कमी जन्मदर म्हणजे जपानच्या खाली गेलो की आम्ही.

मग आईला विचारलं तेव्हा ट्यूब पेटली. आई म्हणाली, "आरं बाळंतपण कोण करतंय आता गावात? पहिलं म्हायेरला, दुसरं दवाखान्यात." बरोबर. आपल्याकडं जन्म जिथं झाला तिथं नोंदवतात, राहायला कुठं आहे तिथं नाही. गावातली सून बाळंतीण झाली कराडच्या दवाखान्यात की नोंद कराड नगरपालिकेत. मृत्यूचं पण तसंच, हॉस्पिटलात गेला तर नोंद तिथली, पण म्हातारी माणसं बरीचशी घरातच जातात, त्यामुळं गावच्या वहीत मृत्यू बऱ्यापैकी पकडले जातात आणि जन्म निसटतात. नुसत्या त्या वहीवर विसंबलात तर प्रत्येक खेडं मरायला टेकलंय असं वाटेल आणि कराड-सांगलीत बायका डझनानं पोरं जन्माला घालतायत असं दिसेल. उलटी गंमत पण आहे, कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, गाळप हंगामात त्यांच्यातल्या एखादीचं बाळंतपण इथंच होतं आणि ती नोंद इथली होते, कुटुंब मात्र हंगाम संपून पट्टा पडला की आपल्या गावाला परत.

तर मग खरा आकडा कुणाकडं? आशाताईकडं. साधारण हजार लोकसंख्येला एक आशा असते, आणि आपल्या घरातली बाई गरोदर राहिल्यापासनं ती मागावर असते, बाळंतपण माहेरी झालं काय नि दवाखान्यात झालं काय, तिच्या वहीत ते येतंच. आणि हजाराला एक म्हणजे तिच्या भागात वर्षात जितकी बाळंतपणं तोच जवळजवळ जन्मदर, भागाकाराची पण कटकट नाही. आमच्या आशाताई परातीत शेंगा निवडत बसल्या होत्या, वही उघडायच्या आधीच बोटावर मोजायला लागल्या, "वरच्या आळीत दोन, माळावर एक, ती जुळी धरली तर दोन, मधल्या आळीतली पाटणला झाली..." आणि शेवटी वहीत बघितलं तर तोंडी सांगितलेला आकडा तंतोतंत. त्यांच्याकडं मृत्यू पण असतात. अंगणवाडीताईंकडं सहा वर्षांच्या आतल्या पोरांचं रजिस्टर असतं, त्याच्याशी ताडून बघायचं. एक जन्म इकडं आहे आणि तिकडं नाही असं निघालं की त्याच्यामागं लागायचं, बहुतेक वेळा आई पोराला घेऊन पुण्याला गेलेली असते.

गंमत म्हणजे देशपातळीवर पण हेच करतात. एसआरएस म्हणून एक नमुना नोंदणी पद्धत आहे, रजिस्ट्रार जनरलच्या ऑफिसची, १९६९-७० पासनं देशभर चालू आहे. निवडलेल्या गावात आणि वॉर्डात एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, मग दर सहा महिन्यांनी दुसराच माणूस येऊन घरोघर विचारतो, आणि दोघांच्या याद्या जुळवतात, जुळत नाही त्याची परत जागेवर जाऊन खात्री करतात. थोडक्यात आशाताईची वही आणि अंगणवाडीचं रजिस्टर समोरासमोर ठेवण्याचाच प्रकार. म्हणून जन्मदर मृत्यूदरासाठी एसआरएसचे आकडे धरायचे, नुसत्या नोंदणीचे नाही.

शाळेचा पट पण कामाला येतो, पण जपून. पहिलीचा पट म्हणजे सहा वर्षांपूर्वीचे जन्म, आजचे नव्हेत. त्यातनं इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या गाडीत बसून गेलेली पोरं वजा झालेली असतात. कट्ट्यावर चार पोरांचा दाखला देणाऱ्यांच्या स्वतःच्या दोन नाती त्याच गाडीनं जातात, हे मी तिथं बोललो नाही, जत्रेच्या दिवशी कशाला.

खालचा आकडा, म्हणजे भागायला लागणारी लोकसंख्या, हा सगळ्यात मोठा खड्डा. २०११ नंतर जनगणना झालेली नाही, पुढची २०२७ ला. तेव्हा २०११ चा आकडा धरून आजचे जन्म भागलेत तर चुकणारच. मतदार यादी धरू नका, रेशनकार्ड तर अजिबात नको. आमच्या गावच्या यादीत जेवढी नावं आहेत त्यातली कितीतरी माणसं नवी मुंबईत राहतात, माथाडीत, मार्केटात, रिक्षावर, ग्रामपंचायतीच्या मतदानाला जीपा भरून येतात, रस्सा हाणतात आणि रात्रीच माघारी. लोकसंख्या म्हणजे वर्षातला बराचसा काळ जी माणसं इथं राहतात ती. आशाताईच्या घरोघरच्या सर्वेक्षणातली संख्या त्यातल्या त्यात खरी.

आणि एका वर्षावर कधीच बोलायचं नाही. हजार-दोन हजाराच्या गावात एखाद्या वर्षी चार लग्नं जास्त झाली की पुढच्या वर्षी जन्मदर उड्या मारतो. पाच वर्षांचे जन्म एकत्र, पाच वर्षांचे मृत्यू एकत्र, आणि मग सरासरी. त्यात २०२० आणि २०२१ वेगळी दाखवायची, कोविडच्या दुसऱ्या लाटेत सातारा-सांगलीनं काय भोगलंय ते आपल्याला सांगायला नको, ती दोन वर्षं मिसळली तर मृत्यूदराचं चित्र बिघडतं आणि गाळली तर खोटं होतं, म्हणून वेगळ्या रंगानं.

इथपर्यंत आलात की गावाचा दर तयार. आता जिल्ह्यावर जाऊ, कारण इथं ती बाजारातल्या म्हशीची गोष्ट परत येते.

सातारा जिल्हा २००१ ला २८.०९ लाख, २०११ ला ३०.०४ लाख. दहा वर्षात वाढ ६.९ टक्के. सांगली २५.८४ लाखावरनं २८.२२ लाख, वाढ ९.२ टक्के. त्याच दहा वर्षात महाराष्ट्र १६ टक्के आणि देश १७.७ टक्के वाढला. हे बघून भाची लगेच लिहायला लागली की साताऱ्यात जन्मदर फार कमी आहे. थांब म्हटलं, हे सांगणारा आकडा हा नव्हेच, ह्यात जन्म-मृत्यू आणि येणं-जाणं सगळं एकत्र कालवलंय. मग असं केलं. २०११ ला महाराष्ट्राचा जन्मदर १६.७ आणि मृत्यूदर ६.३, वजाबाकी १०.४, म्हणजे वर्षाला १ टक्क्याच्या थोडी वर. साताऱ्याचा असाच धरला तर दहा वर्षात नुसत्या नैसर्गिक वाढीनं ११ टक्क्यांच्या आसपास वाढ व्हायला पाहिजे होती, २८.०९ चे ३१ लाखाच्या वर. झाले ३०.०४. मधले लाखभर लोक कुठं गेले?

दोन संशयित. एक, साताऱ्याचा स्वतःचा जन्मदर राज्यापेक्षा कमी असणार, कारण तरुण जोडपीच बाहेर गेली की पोरं पण बाहेरच जन्मणार. दोन, माणसं सरळ निघून गेली. जावळी-पाटणची माणसं मुंबईला, सगळीकडची पोरं पुण्याला. सांगलीचं बघा, खानापूर-आटपाडी-विट्याकडची गलाईवाली माणसं, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार तमिळनाडू केरळपर्यंत पसरलीत, त्यांची पोरं तिकडची भाषा आपल्यापेक्षा चांगली बोलतात आणि दिवाळीला विट्यात येऊन मराठी अडखळत बोलतात. ती पोरं मोजली जातात तिकडं. तर जिल्ह्याच्या वाढीचा आकडा बघून जन्मदराचं मत बनवायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. देशाच्या बाबतीत मात्र ही अडचण कमी, भारताएवढ्या देशात बाहेर जाणारे-येणारे एकूण लोकसंख्येच्या मानानं थोडे, त्यामुळं देशाची वाढ म्हणजे जवळजवळ नैसर्गिक वाढच. म्हणूनच विकसनशील देशाचा कल बघायचा तर जन्मदर आणि मृत्यूदराच्या दोन रेघा शेजारी शेजारी काढायच्या आणि मधलं अंतर कसं फाकतं नि कसं मिटतं ते बघायचं. सगळी कथा त्या अंतरात आहे.

ही कथा आम्ही पुस्तकातनं नाही, आज्जीकडनं घेतली. माझी आज्जी सांगायची तिची अकरा बाळंतपणं, सात जगली. एक देवीनं गेलं, एक गोवरानं, दोन तर बारशाआधीच, त्यांची नावं पण नाहीत. तिच्या सासूच्या वेळची तर मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, १९१८ ची, एकेका घरातनं दिवसाला दोन-दोन तिरड्या निघायच्या म्हणे. ही आज्जीची अतिशयोक्ती नाही. १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षात भारताची लोकसंख्या वाढली तर नाहीच, उलट किंचित घटली, साधारण २५.२ कोटीवरनं २५.१ कोटी. त्यानंतर एकदाही घटलेली नाही, म्हणून १९२१ ला महाविभाजनाचं वर्ष म्हणतात. त्याच १९२१ ला र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, माणसं मरायची थांबली नव्हती तेव्हाच ह्या गृहस्थाला पुढचं दिसत होतं, आणि लोकांनी त्यांना कसं छळलं तो वेगळा विषय.

तर पहिला टप्पा, पोरं भरपूर आणि मरणं पण भरपूर, वाढ शून्याच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात मृत्यूदर आधी पडतो, जन्मदर तसाच उंच राहतो. आज्जीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण होता, बापाच्या दंडावर पण आहे, माझ्या नाही, कारण १९७७ ला देश देवीमुक्त जाहीर झाला. हिवतापाच्या फवारण्या, लसी, सलाईन, आणि अन्न. ७२ चा दुष्काळ बघा, आपल्या सांगली-साताऱ्यात जनावरं गेली, माणसं खडी फोडायला लागली, पण आधीच्या दुष्काळांसारखी पटापट मेली नाहीत, कारण हाताला काम आणि पोटाला मिलो, म्हणजे बाहेरनं आलेली लाल ज्वारी होती. रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे आपल्या तासगाव तालुक्यातले, पहिला प्रयोग पण विसापूरचा. मृत्यूदराची रेघ खाली येते ती अशा गोष्टींनी, नुसत्या डॉक्टरांनी नाही.

आकड्यात बघायचं तर १९७१ ला देशाचा जन्मदर ३६.९ आणि मृत्यूदर १४.९. अंतर २२, म्हणजे २.२ टक्के. ती मघाची युक्ती लावा, ७० भागिले २.२, सुमारे ३२ वर्षात दुप्पट. आता ताळा करा. १९७१ ला लोकसंख्या ५४.८ कोटी, २००१ ला १०२.९ कोटी. ३० वर्षात दुपटीच्या जवळ. भाचीला इथं पहिल्यांदा मजा वाटली, दोन दरांवरनं तीस वर्षांपुढचं खरं निघतंय म्हटल्यावर.

पण मृत्यूदर पडला तर लोकांनी लगेच पोरं कमी का नाही केली? हा प्रश्न परीक्षेत येत नाही पण खरा हाच आहे. आज्जीला कुणी सांगितलं असतं का की आता तुझी सगळी जगणार आहेत? तिनं आपल्या आईकडं बघून हिशोब केलेला, की अकरा होऊ दिली तर सात हाताशी लागतात. १९७१ ला सुद्धा हजार जन्मांमागं १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, म्हणजे आठातलं एक. २०२० ला तो आकडा २८ आला, महाराष्ट्रात १६. पोर जगतं ह्याची खात्री पटायला एक पिढी जाते आणि त्या एका पिढीच्या उशीरातच लोकसंख्येचा फुगा तयार होतो. युरोपात हे सगळं शे-दीडशे वर्षं हळूहळू चाललं, आपल्यासारख्या देशात औषधं तयार मिळाली म्हणून मृत्यूदर धाडकन खाली आला, म्हणून फुगा पण मोठा.

तिसऱ्या टप्प्यात जन्मदर खाली येतो. १९७१ ला एका बाईला सरासरी ५.२ मुलं, २०२० ला २. आमच्याच घरात बघा, आज्जी अकरा, आई चार, बहीण दोन, आणि भाची म्हणते एकच बास, तेही नोकरी लागल्यावर. तिला हे कुणी सक्तीनं शिकवलं नाही. १९५२ पासनं देशात कुटुंब नियोजनाचा सरकारी कार्यक्रम आहे, आणीबाणीत ७६-७७ ला धरून धरून नसबंद्या केल्या, त्याची दहशत अजून जुन्या लोकांच्या बोलण्यात येते, पण रेघ खाली आणली ती पोरींच्या शाळांनी, लग्नाचं वय वाढल्यानं आणि बाळं जगायला लागल्यानं, असं माझं तरी मत आहे. कुणाला वेगळं वाटत असेल तर आकडे घेऊन या.

आता वळतो सगळ्यात फसव्या जागेकडं. सरासरी २ मुलं म्हणजे आई-बापाची जागा घ्यायला दोन, म्हणजे वाढ थांबली पाहिजे ना? हिशोबाला २.१ लागतात, कारण काही पोरं मोठी व्हायच्या आत जातात आणि मुली जन्मतातही मुलांपेक्षा थोड्या कमी. आपण त्या २.१ च्या पण खाली आलोय. तरी २०२० चा जन्मदर १९.५ आणि मृत्यूदर ६, म्हणजे वाढ अजून १.३५ टक्के. कसं काय?

वस्तीवर चला. समजा वस्तीवर तरुण जोडपी पन्नास आणि सत्तरीच्या पुढची दहाच. प्रत्येक तरुण जोडप्याला फक्त दोनच झाली तरी पुढच्या काही वर्षात शंभर पोरं येणार, आणि त्याच काळात जाणारी माणसं वीसभर. कुणीच जास्त पोरं काढली नाहीत तरी वस्ती वाढली. उतारावर ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं तरी उसाची ट्रॉली ढकलत नेते ना, तसं. म्हणून दर कमी झाला तरी भर जास्त पडू शकते. १९७१ ला ५४.८ कोटीवर २.२ टक्के म्हणजे वर्षाला १.२ कोटी. २०२० ला १३८ कोटीच्या आसपास आणि एसआरएसचा १.३५ टक्के धरला तर १.८ कोटीच्या वर. टक्का घसरला आणि आकडा वाढला. प्रोजेक्टमध्ये टक्का आणि आकडा दोन्ही दाखवा, नाहीतर तुम्ही एकतर नाना होणार नाहीतर समोरचे. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानं आपली लोकसंख्या २०६० च्या दशकात १७० कोटीच्या आसपास जाऊन मग उतरायला लागेल.

ह्या उतारावरच्या ट्रॉलीला ब्रेक लावायचा एक मार्ग आपल्याच साताऱ्यात करून बघितला होता. २००७ ला जिल्ह्यात दुसरा मधुचंद्र म्हणून योजना आली, लग्नानंतर पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५००. तेव्हा लोक हसले, पेपरात चावट मथळे आले. पण त्यामागचा हिशोब पक्का आहे. पोरी विसाव्या वर्षी आई होत राहिल्या तर शंभर वर्षात पाच पिढ्या, पंचविसाव्या वर्षी झाल्या तर चार. पोरांची संख्या तीच, फक्त उशीर, आणि एक अख्खी पिढी कमी.

दुसरी साताऱ्याचीच गोष्ट, ती मात्र हसण्यासारखी नाही. वहीतनं आकडे घेताना मुलगे-मुली वेगळे घ्या म्हटलं ना, ते ह्यासाठी. मुलग्याची वाट बघत एकापाठी एक मुली झाल्या की तिसरीचौथीचं नाव नकुशी ठेवायचे. २०११ ला साताऱ्यात कार्यक्रम करून अशा २८५ मुलींची नावं बदलली. जन्मदर वर धरून ठेवणारं एक कारण हेच होतं, मुलगा होईस्तोवर थांबायचं नाही. आणि नंतर उलटं झालं, पोरं दोनच पण त्यातला एक मुलगा पाहिजे, म्हणजे मुलीलाच येऊ द्यायचं नाही. जन्मदर उतरला म्हणून लगेच पाठ थोपटायच्या आधी तो रकाना बघा. आमच्या आशाताई ते पान उलटताना काही बोलल्या नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

आणखी एक ठेच सांगतो. २०२० ला केरळचा मृत्यूदर ७ आणि बिहारचा ५.४. भाची म्हणाली म्हणजे केरळात आरोग्य वाईट? तिथं त्याच वर्षी हजारात ६ बाळं दगावली आणि बिहारात २७, मग वाईट कसं असेल. केरळात म्हातारी माणसं जास्त, बिहारात पोरं जास्त, एवढंच. वृद्धाश्रमात वर्षात जास्त माणसं दगावतात आणि कॉलेजात कमी, म्हणून कॉलेज काही दवाखान्यापेक्षा भारी होत नाही. आमच्या गावचा मृत्यूदर पण राज्याच्या २०२० च्या ५.५ पेक्षा चांगलाच वर निघाला, आणि घाबरायचं कारण नव्हतं, तरुण मुंबईला आणि राखणीला म्हातारी. दोन ठिकाणांची तुलना करताना आधी वयाचा मनोरा बघायचा, म्हणजे कुठल्या वयाची माणसं किती त्याचा आलेख, लहान पोरं खाली आणि म्हातारी वर. खाली रुंद वर निमुळता असेल तर वाढता देश, नायजरसारखा, तिथं अजून बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं. मध्ये फुगलेला असेल तर आपल्यासारखा.

मांडायचं कसं? एकच ग्राफ पेपर, आडवी वर्षं, उभा हजारी दर, जन्माची एक रेघ मृत्यूची एक, मधली जागा पेन्सिलीनं हलकी रंगवायची. खाली दुसऱ्या पट्टीत वर्षाला पडलेली भर. देशाचं एक पान, गावाचं एक पान. गावाच्या पानावर तिसरी ओळ येण्याजाण्याची, ती फक्त अंदाजानं, आणि अंदाज आहे असं स्पष्ट लिहायचं, मास्तर लोक उलट त्याला जास्त मार्क देतात.

सबमिशनच्या आधी भाचीनं ती दोन्ही पानं आणून नानांना कट्ट्यावर दाखवली. रेघा समजावल्या, आज्जीची अकरा बाळंतपणं सांगितली, ट्रॉली सांगितली. नानांनी चष्मा वर करून सगळं नीट बघितलं आणि म्हणाले, "ते समदं बरोबर हाय बाय, पण मग यष्टीत जागा का नाय?"

"नाना, गाड्या दोनच येतात दिवसाला. ते माझ्या विषयात नाही."